सरको बाबा, गरम पानी आरा

मोडनिंबला भुतांची टंचाई कधी भासली नाही. पाऊस हात आखडता घेई, आडाचं पाणी उन्हं तापायच्या आत तळाला जाई, पण भुतं बारमाही. पिंपळावर मुंजा, पडक्या आडात हडळ, शिवेवरच्या शेंदरी दगडात वेताळ, ओढ्याच्या वळणावर चकवा, आणि कुलूप गंजलेल्या एखाद्या वाड्यात पुरलेल्या हंड्यावर पाय सोडून बसलेला समंध. माढा तालुक्यातल्या कुठल्याही गावात थोड्याफार फरकानं हीच शिरगणती निघेल. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला, वार ठरलेला, खाणं ठरलेलं. आणि प्रत्येकाची एकेक तक्रार. मुंजाचं लग्न राहिलेलं, हडळीचं बाळंतपण अर्ध्यात संपलेलं, समंधाचा जीव हंड्यात अडकलेला. जरा लांबून पाहिलं तर आपलं भूत म्हणजे काम अडलेला माणूस, आणि ते काम बहुतेक वेळा घरच्यांनीच अडवलेलं. म्हणून त्याच्या भीतीत थोडी लाजही मिसळलेली असते. भुतं ही अखेर नातलग मंडळी. ती रुसतात, मागणं मागतात, नको त्या वेळी जुन्या गोष्टी उकरून काढतात आणि शेवटी नारळ-लिंबावर तडजोड करतात.

जिन्नाचं सगळंच वेगळं. तो मेलेला नाही. मुळात तो कधी माणूसच नव्हता. कुराणात सांगितलं आहे की माणूस घडला मातीचा आणि जिन्न घडला बिनधुराच्या आगीचा, तोही माणसाच्या आधी. म्हणजे या पृथ्वीवर ते जुने भाडेकरू आणि आपण मागाहून येऊन वरच्या मजल्यावर हक्क सांगणारे. त्यांना बायकापोरं असतात, म्हातारपण येतं, मरण येतं. त्यांच्यात नेक असतात, नाठाळ असतात, आणि आपल्यासारखेच मधल्या मधे रेंगाळणारेही असतात. कुराणाचं बहात्तरावं प्रकरण, 28 आयतींचं, त्यांच्याच नावाचं आहे. काही जिन्न कुराणाचं पठण कानावर पडून थक्क होतात, त्यावर विश्वास ठेवतात, आणि मग स्वतःच्या जमातीविषयी मोकळेपणानं सांगून टाकतात की आमच्यात चांगले आहेत, तसे बरे नसलेलेही आहेत. एवढी प्रांजळ कबुली मी कुठल्या ग्रामसभेत ऐकलेली नाही. दुसऱ्या एका प्रकरणात, सूरह रहमानमध्ये, देवाच्या कुठल्या कुठल्या देणग्या नाकाराल, हा प्रश्न 31 वेळा येतो आणि तो माणूस आणि जिन्न दोघांना मिळून विचारलेला असतो. मशिदीत ते पठण चालू असताना श्रोत्यांच्या निम्म्या रांगा आपल्याला दिसत नाहीत, एवढंच.

पुस्तकातून हे सगळं कळायला फार उशीर झाला. आधी कळलं ते चाचीकडून. तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती, पांढरीच्या मातीची, आणि वर दोन्ही माळवदं एकमेकांना टेकलेली. उन्हाळ्यात तिकडच्या सांडग्यांवरची राखण इकडची आजी करी आणि इकडच्या शेवयांवरची राखण तिकडून चाची करी. चाचीला वाचता येत नव्हतं. पण तिचे वडील मुलाणी, गावाच्या मशिदीची दिवाबत्ती त्यांच्याकडे. त्यामुळे दीनदुनियेच्या गोष्टी तिनं चुलीच्या उजेडात ऐकून ऐकून पाठ केल्या होत्या. जिन्नाचं नाव ती दिवसासुद्धा फारसं घेत नसे. ‘वो लोगां’ म्हणे. दिवस मावळल्यावर तर मानेनंच भिंतीकडे खूण करी. आमच्या आजीला यात नवल वाटत नव्हतं, कारण तीही रात्री सापाला साप म्हणत नसे, लांबडं म्हणे. तुर्कस्तानातले लोक म्हणे जिन्नांना ‘तीन अक्षरीवाले’ म्हणतात. जे आहे असं पक्कं वाटतं त्याचं नाव घ्यायचं टाळावं आणि ज्याची खात्री नाही त्याचा जयजयकार करावा, ही रीत बहुधा सगळीकडेच असावी.

दिवेलागणीला या दोन घरांत मोठी मौज चाले. त्या घटकेला आजी आम्हाला अंगणातून घरात ओढून घेई, कारण ती लक्ष्मीची घरात यायची वेळ. नेमक्या त्याच घटकेला चाची तिच्या नातवंडांना हाका मारी, कारण ती वो लोगांची बाहेर पडायची वेळ. आजी पुढचं दार उघडं टाकून मागचं लावून घेई, म्हणजे आलेली लक्ष्मी आरपार निघून जायला नको. चाची बिस्मिल्ला म्हणून सगळीच दारं लावी. तिच्या या नियमामागं बुखारीच्या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन आहे, हे मला पुढं समजलं. रात्र उतरली की पोरांना आत घ्या, घटकाभरानं वाटलं तर सोडा. देवाचं नाव घेऊन दारं लावा, कारण लावलेलं दार सैतान उघडत नाही. भांडी झाका, झाकायला काही नसेल तर निदान एक काडी आडवी ठेवा. आणि दिवे मालवा, कारण उंदीर वात ओढून नेतो आणि घर पेटतं. मला त्यातली ती आडवी काडी फार आवडते. एवढी मोठी आगीची जमात आणि तिच्यासमोर आपली एक काडी. शिवाय शेवटी तो उंदीर आहेच. अदृश्य सृष्टीचा एवढा गंभीर विचार चालला असताना कुणाला तरी उंदराची आठवण राहते, याचा अर्थ ते घर चालवणारं माणूस होतं. तर आमच्या बोळात रोज संध्याकाळी लक्ष्मी आत येत होती आणि जिन्न बाहेर पडत होते. बोळ एवढा अरुंद की समोरून बैल आला तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. त्या दोघांची कधी धडक कशी झाली नाही, हे कोडं मला पुष्कळ वर्षं होतं. मग वाटलं, दोघंही आमच्यापेक्षा सुसंस्कृत असणार.

पण चाचीचा खरा नियम होता तो पाण्याचा. रात्री भाताची पेज असो की अंघोळीचं उरलेलं कढत पाणी, मोरीत ओतण्याआधी ती थांबे, पातेलं कमरेला टेकवी आणि जरा खालच्या आवाजात म्हणे, ‘सरको बाबा, गरम पानी आरा.’ मग पाच-सहा श्वासांएवढी वाट पाही. तेवढ्या वेळात मोरीत, दगडाच्या फटीत, पन्हाळीच्या तोंडाशी जो कुणी संसार मांडून बसला असेल त्यानं पोराबाळांना उचलावं, अंथरूण गुंडाळावं, एवढी सवड. मग ती पाणी सोडी, तेही एकदम नाही, धार धरून. एडवर्ड लेन नावाच्या इंग्रजानं कैरोत राहून तिथल्या लोकांच्या चालीरीतींवर मोठं पुस्तक लिहिलं, ते 1836 साली निघालं. त्यात आहे की तिथली माणसं जमिनीवर पाणी ओतताना, विहिरीत पोहरा सोडताना, आग पेटवताना ‘दस्तूर’ म्हणतात, म्हणजे परवानगी असावी. ते वाचताना मला नाईल नदी दिसलीच नाही. चाचीचं कमरेला टेकवलेलं पातेलं दिसलं, आणि त्यातून निघणाऱ्या वाफेच्या पलीकडे, मोरीच्या तोंडाशी लगबगीनं बोचकी बांधणारं एक कुटुंब.

आमच्याकडे भुताला घाबरावं लागतं; चाचीच्या घरी जिन्नाशी नीट वागावं लागे. भीती त्यातही होती, पण ती शेजाऱ्याला वाटावी तशी. आपला रेडिओ मोठा झाला का, आपलं सांडपाणी त्यांच्या दारात जातं का, अशा जातीची. बिळात लघवी करू नये, रिकाम्या घरात शिरताना सलाम घालावा, रात्री शीळ घालू नये, जड वस्तू धाडकन टाकू नये. यातला एकही नियम असा नाही की जो पाळल्यानं दिसणाऱ्या शेजाऱ्याचं काही बिघडेल. उलट मोडनिंबच्या निम्म्या भांडणांचं मूळ यातलाच कुठला तरी नियम मोडण्यात होतं, आणि त्या भांडणांत एकाही जिन्नाचा हात नव्हता.

खाण्याचंही त्यांचं फारसं कुणाला ओझं नाही. मुस्लिमच्या संग्रहातल्या हदीसीप्रमाणे जिन्नांचं एक शिष्टमंडळ पैगंबरांकडे येऊन आपल्या पोटापाण्याचं विचारतं आणि त्यांना उत्तर मिळतं की अल्लाचं नाव घेऊन खाल्लेल्या मांसाचं जे हाडूक तुमच्या हाती पडेल, त्यावर तुमच्यासाठी भरपूर मांस येईल. आणि शेण-लीद तुमच्या जनावरांना. तेव्हापासून माणसांना ताकीद आहे की या दोन गोष्टींचा शौचाच्या स्वच्छतेसाठी वापर करायचा नाही, ते आपल्या भावांचं अन्न आहे. भावांचं. हा शब्द वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं होतं. पण मग मन आमच्याकडच्या पिराच्या कंदुरीकडे गेलंच. आमच्याकडे पिराला बोकड बोलायचा तो पाटलानंही बोलावा आणि तांबोळ्यानंही. कापायला मुलाणी, जेवायला सगळा गाव. आणि सोलापुरी माणूस रश्श्यातली नळी ज्या निष्ठेनं खातो ती पाहिलेल्यांना पुढं सांगायला नको. ती तो चोखतो, उलटी करून ताटावर आपटतो, एक डोळा मिटून तिच्यातून आरपार पाहतो आणि पलीकडचं आभाळ दिसलं तरच खाली ठेवतो. अशा हाडकावर पुन्हा मांस आणायचं म्हणजे देवालाही बरंच मुळापासून सुरू करावं लागत असणार.

सापाचीही एक हदीस आहे. मदिनेतल्या घरांमध्ये दिसणारे काही साप जिन्न असू शकतात, म्हणून घरात साप निघाला तर लगेच मारू नये, तीन दिवस त्याला बजावून सांगावं, आणि तरी तो गेला नाही तर मग पाहावं. तीन दिवसांची नोटीस. अतिक्रमण काढायला पंचायतसुद्धा इतकी सवड देईल असं वाटत नाही. चाचीच्या जात्याखाली एकदा धामण निघाली तेव्हा तिनं रीतसर नोटीस दिली, हात जोडून, दखनीत. धामण दुसऱ्याच दिवशी आमच्या लाकडांच्या ढिगात आली. आजी म्हणाली, राखणदार आहे, असू दे, आणि वाटीत दूध ठेवलं. साप दूध पीत नाही हे शाळेत आम्हाला शिकवलं होतं. ते दूध मांजर पीत होतं हे आजीलाही माहीत होतं. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, रान नांगरायचं नाही हे पाळणाऱ्या घराला चाचीची तीन दिवसांची मुदत परकी वाटायचं कारण नव्हतं. फक्त आमची माणसं वर्षातून एक दिवस जपून वागत आणि चाची रोज.

या सगळ्याचा कायदाही कुणी तरी लिहून ठेवला असेल, अशी मला शंका होती. ती खरी निघाली. बद्रुद्दीन शिबली नावाचे एक विद्वान हिजरी 769 मध्ये, म्हणजे 1367 च्या सुमारास वारले. त्यांनी जिन्नांविषयीच्या धर्मनियमांचं एक सबंध पुस्तक केलं. जिन्नाच्या मागं उभं राहून नमाज पढली तर चालते का? जिन्नाशी लग्न करता येतं का? प्रश्न हसण्यावारी नेलेले नाहीत, एकेक हातात घेऊन उलटसुलट पाहिलेले आहेत. लग्नाच्या प्रश्नावर इमाम मालिक यांचं म्हणून एक उत्तर सांगतात. एका मुलीला जिन्नानं मागणी घातली तर काय करावं, असं त्यांना विचारण्यात आलं. ते म्हणाले, धर्मात तशी आडकाठी दिसत नाही. पण उद्या एखादी बाई पोटुशी दिसावी, नवरा कोण म्हणून विचारावं आणि तिनं जिन्न म्हणून सांगावं, हे मला बरं वाटत नाही, त्यानं बखेडा माजेल. काय शहाणा माणूस. अदृश्याला त्यांनी नाकारलं नाही, फक्त चावडीवर काय होईल ते पाहिलं. मला मात्र आमच्याकडची बैठक डोळ्यांसमोर आली. मुलाकडची मंडळी दिसत नाहीत, तेव्हा पाहुण्यांना उठून उभं राहायचं कधी कळत नाही. चहाचे कप मात्र आपोआप रिकामे होतात. स्थळ जुनं, घराणं आदमच्याही आधीचं, नोकरी नसली तरी उडता येतं. मुलीचा मामा तेवढा शेवटपर्यंत विचारत राहील, की शेती किती.

तत्त्वज्ञ इब्न सीनानं मात्र जिन्नाची व्याख्या दिली, हवेचा बनलेला, नाना रूपं घेणारा प्राणी. आणि पुढं जोडलं की हा नुसता नावाचा खुलासा झाला. एवढ्या सभ्यपणे कुणी कुणाचं अस्तित्व नाकारल्याचं उदाहरण विरळा. मी मनातून इब्न सीनाच्याच बाजूचा. तरीही कढत पाणी ओतताना त्याचा उपयोग होत नाही.

आणि एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. जिन्नाच्या नावानं चाचीनं कुणाला कधी दुखावलं नाही, पण दुखावणारे सगळीकडे असतात. परीक्षेच्या किंवा लग्नाच्या तोंडावर एखाद्या पोरीला झटके येतात, तिचं म्हणणं कुणी ऐकून घेतलेलं नसतं. मग कुणी सांगतं भूत, कुणी सांगतं जिन्न, आणि मार खाते ती पोरगी. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, त्यानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात आला, त्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं हा गुन्हा ठरला आहे. तो भुतांनाही लागू आहे आणि जिन्नांनाही. चाचीचं यावर एकच म्हणणं असे, की वो लोगांना त्यांची घरं आहेत, ते कशाला या पोरीच्या अंगात राहायला येतील, तिला धड माहेरी जागा नाही न् सासरी नाही.

जिन्नाला सगळं ठाऊक असतं, या समजुतीची तर मला गंमतच वाटते. हरवलेली म्हैस कुठं आहे, सोन्याची बोरमाळ कुणी नेली, नोकरीचा कागद कधी येईल, हे विचारायला लोक जिन्न राखणाऱ्याकडे जातात. कुराणातली सुलेमानाची गोष्ट त्यांनी ऐकलेली नसावी. सुलेमान पैगंबरांच्या हुकमाखाली जिन्न राबत होते, कमानी उभारत होते, हौदांएवढ्या पराती घडवत होते. सुलेमान काठीला टेकून उभे असतानाच त्यांना मरण आलं. जिन्नांना ते कळलंच नाही. मालक उभे आहेत, बघताहेत, म्हणून ते मान खाली घालून राबत राहिले. शेवटी वाळवीनं काठी कुरतडली, देह खाली आला, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला अदृश्यातलं काही कळत असतं तर आपण या कष्टात एवढे दिवस राहिलोच नसतो. जे स्वतः अदृश्य त्यांनाच अदृश्यातलं कळत नाही, ही विनोदाची जागा त्या पवित्र ग्रंथानं अगदी सहज सोडून दिली आहे. 1972 च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा खडी फोडत होता. त्या कामावर गेलेल्या माणसांना ही गोष्ट सांगितली की ती हसतात, पण जरा वेळानं हसतात. मुकादम सावलीला टेकून डोळे मिटून बसलेला, तो झोपला आहे की पाहतो आहे हे कुणालाच ठाऊक नाही, आणि घण चालू आहेत. तिथं वाळवीसुद्धा पोटाला काही नाही म्हणून निघून गेली होती.

बाकी साऱ्या जगाला जो जिन्न ठाऊक आहे तो दिव्यातला, आणि त्याची जन्मकथा फार मजेची आहे. अल्लाउद्दिनची गोष्ट अरबी रात्रींच्या जुन्या हस्तलिखितांत नाहीच. हन्ना दियाब नावाच्या अलेप्पोच्या तरुणानं 1709 मध्ये पॅरिसात ती आंत्वान गालांला तोंडी सांगितली, गालांनं ती फ्रेंचमध्ये लिहिली आणि तिथून ती पूर्वेला परत आली, कपडे बदलून. ती घडते चीनमध्ये. मराठीत या रात्री कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणल्या आणि शंभराहून अधिक वर्षांनी गौरी देशपांडे यांनी त्या सगळ्या पुन्हा आणल्या. आमच्या लहानपणीच्या रंगीत पुस्तकांत मात्र तो ‘दिव्यातला राक्षस’ होता आणि त्याला शेंडी होती. चाचीला मी ते चित्र दाखवलं तेव्हा तिनं बराच वेळ निरखलं आणि म्हणाली, ‘बिचारा. ह्येला घर न्हाई व्हय?’ हुकूम विचारत फिरणारा जिन्न तिला पटेना. शेजारी कुणी हुकूम विचारतं का?

मला स्वतःला याच अरबी रात्रींमधल्या कोळ्याच्या गोष्टीतला जिन्न जवळचा वाटतो. सुलेमानाच्या मोहरेनं बंद केलेल्या पितळी भांड्यात तो समुद्राच्या तळाशी पडलेला. पहिल्या काळात त्यानं ठरवलं, जो सोडवील त्याला श्रीमंत करीन. कुणी आलं नाही. मग ठरवलं, पृथ्वीतले खजिने उघडून देईन. कुणी आलं नाही. मग तीन इच्छा. कुणीच आलं नाही. मग त्याचं डोकं फिरलं आणि त्यानं पण केला की आता जो सोडवील त्याला ठारच मारीन. या रागाचं शास्त्र मोडनिंबच्या फलाटावर उभं राहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडं जाणारा हा रस्ता बार्शी लाइट रेल्वेनं 1906 मध्ये सुरू केला, अडीच फूट रुंदीच्या रुळांचा. पुढे रूळ रुंद झाले, पण त्या लहान गाडीची वाट पाहण्याचं वळण अंगात राहिलं. पहिल्या तासात माणूस म्हणे, आली की ड्रायव्हरला चहा पाजू. दुसऱ्या तासात म्हणे, येईना का, आपल्याला तरी काय घाई. तिसऱ्या तासात तो कुणाशीच बोलत नसे. आणि गाडी खरंच दिसली की सगळ्या फलाटाला तिचा असा काही संताप येई की तिनं आल्यापावली परत जावं.

त्याच गाडीनं आषाढीला वारकरी जात, डब्यात मावेनात तेव्हा टपावर बसून. तिकडे जी शक्ती त्यांना ओढून नेत असे तिलाही संतांनी भूतच म्हटलेलं आहे. तुकोबांच्या गाथेत भीमेकाठच्या त्या भुताची चांगली दहशत आहे. जाणारा-येणारा त्याच्या तडाख्यातून सुटत नाही आणि गेलेला परत येत नाही. चाचीला हे आजीनं सांगितलं तेव्हा तिनं फार गंभीरपणे विचारलं, ‘आक्का, त्येला बी गरम पानी चालत न्हाई का?’ आजी म्हणाली, त्याला रोज पहाटे ऊन पाण्यानंच घालतात न्हाऊ. दोघींनाही या उत्तरानं समाधान वाटलेलं दिसलं.

दिल्लीत फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या किल्ल्यात दर गुरुवारी लोक जिन्नांना अर्ज लिहितात. फिरोजशहा तुघलकानं 1354 मध्ये वसवलेलं ते शहर, त्यात टोपऱ्याहून आणलेला अशोकाचा स्तंभ, आणि खालच्या अंधाऱ्या कोनाड्यांत मेणबत्त्या, गुलाबपाकळ्या आणि कागद. आनंद विवेक तनेजा यांनी त्यावर 2017 मध्ये पुस्तक लिहिलं आहे. अर्जात नाव, पूर्ण पत्ता, कधी फोटो. आणि एकाच अर्जाच्या झेरॉक्स प्रती काढून वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवायच्या, वेगवेगळ्या खात्यांना द्याव्यात तशा. हिंदू असतात, मुसलमान असतात. मुलाला काम मिळावं, नवऱ्याची दारू सुटावी, खटल्याची तारीख लागावी. बिनधुराच्या आगीपासून झालेल्या जिवांना पिन कोड कळवावा लागतो, हे वाचून मला प्रथम हसू आलं. पण माढ्याच्या कचेरीतल्या व्हरांड्यात जे कागद मी पाहिले आहेत त्यांच्यात आणि या अर्जांत मजकुराचा काडीचा फरक नाही. फरक इतकाच की कोटल्यात अर्ज देणारी बाई तो भिंतीला हात लावून मोठ्यानं वाचते, आणि भिंत मधेच उठून जेवायला जात नाही.

पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला तेव्हा दोन्ही बाजूंची जुनी झाडं गेली. मुंजांची मोठीच गैरसोय झाली असणार. त्यांचा पत्ता झाडाचा. जिन्नांचं तसं काही अडलं नाही. ते रिकाम्या घरांत राहतात आणि रिकामी घरं गावात दरसाल वाढतच गेली. पोरं पुण्याला गेली, भोसरीला गेली, चाकणला गेली. चाचीचीही गेली. शेवटची काही वर्षं त्या घरात ती एकटी होती. आजी तोवर राहिली नव्हती. मी सुट्टीला गेलो की भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकू येई. ‘सरको बाबा.’ मग थोडी शांतता. मग पाण्याची धार. एकदा भर वैशाखात, दुपारी, तिनं माठातलं शिळं पाणी मोरीत ओतलं, तेव्हाही ती आधी म्हणाली, सरको बाबा. मी माळवदावरून डोकावून विचारलं, ‘चाची, हे तर गार पाणी.’ ती म्हणाली, ‘व्हय. पण सांगायला काय जातंय?’ आणि मग तिनं नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ वाट पाहिली.

मी आता जुळे सोलापुरात चौथ्या मजल्यावर राहतो. इथं मोरी नाही, सिंक आहे, आणि त्याचा पाइप कुणाकुणाच्या भिंतींतून खाली जातो ते बिल्डरलाच माहीत. बटाटे उकडून झाले की पातेलं कडेला टेकवतो, आणि इब्न सीनाला मनातल्या मनात नमस्कार करून, फार मोठ्यानं नाही, पण म्हणतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये नवराबायको आणि एक मुलगी राहते. दारावर नुसतं आडनाव आहे. मागच्या महिन्यात लिफ्ट बंद पडली होती तेव्हा आम्ही बरोबर जिने चढलो. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो असताना त्या बाईंनी जरा संकोचून विचारलं, ‘काका, तुमच्या किचनमधून रोज रात्री सरका, सरका असं ऐकू येतं. आमचं डायनिंग टेबल त्याच भिंतीला आहे. लागतं का तुमच्या बाजूला?’

मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, ‘आम्ही रोज थोडंसं सरकतो.’